सड्यावरचे तीन ठोके

१

आमच्या खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, फणसाला रुळाचा एक तुकडा टांगलेला होता. दीड हात लांब, टोकांना गंजलेला, मधे ठोके खाऊन खाऊन चकचकीत झालेला. सबंध रत्नागिरी जिल्ह्यात रेल्वे नाही, पण आमच्या वाडीत रूळ होता, आणि तो मी मुंबईहून आगबोटीत घालून आणला होता. बंदरावर पडावातून उतरवताना हमाल म्हणाला, "काय वो, उरलेली आगगाडी मागनं येतेय काय?" मी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. सत्तावीस वर्षं मी केबिनमध्ये काढली. तिथं चेष्टेला जागा नव्हती, आणि पुढं ती सवयच गेली.

केबिन म्हणजे काय ते आधी सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. मुंबईच्या वरच्या अंगाला, शहर संपतं तिथं, आमचं स्टेशन होतं. मी एकोणीसशे एक साली लागलो तेव्हा एक फलाट, एक पत्र्याची शेड आणि रॉकेलचे चार कंदील एवढाच कारभार. भोवती भातशेती आणि मिठागरं. दिवसाला नऊ गाड्या थांबत. पहाटेची दूधवाल्यांची, सकाळची कचेरीवाल्यांची, आणि बारा चाळीसची एक रिकामटेकडी गाडी, जिच्यातून कोणी उतरलं तर आम्हालाच नवल वाटे. पुढं दुसरा फलाट झाला, पूल झाला, बायकांना बसायला वेगळी खोली झाली, पिण्याच्या पाण्याची टाकी आली. शेतं गेली, चाळी आल्या. अठ्ठावीस साली विजेच्या गाड्या सुरू झाल्या. त्यांच्याबरोबर आपोआप पडणारे सिग्नल आले आणि माझ्यासारख्या माणसाची गरज संपली. फलाटावरचा टोल, म्हणजे हाच रूळ, भंगारात निघाला. मी साहेबाला विचारून तो मागून घेतला.

तर केबिन. फलाटाच्या टोकाला जिना चढून एक काचेची खोली. तिथून दांडे ओढायचे, सांधे बदलायचे. आणि घंटी सांभाळायची. दोन मैलांवर दुसरं केबिन होतं. तिथल्या माणसानं बटण दाबलं की तारेतून माझ्याकडे घंटी वाजायची, मी दाबलं की त्याच्याकडे. एक ठोका म्हणजे 'आहेस का?' आपणही एक द्यायचा, 'आहे.' मग तीन येत: 'लाइन मोकळी आहे का, गाडी सोडू?' आपल्या बाजूची लाइन मोकळी आहे हे डोळ्यांनी बघायचं, आणि मगच तीन परत द्यायचे. मग दोन येत: 'सुटली.' तिथून सहा मिनिटांत गाडी आपल्या दारात. ती पुढं सोडायची तर दुसऱ्या अंगाच्या, पुढच्या केबिनला मी असंच विचारायचं. तीन ठोके परत देणं ही नुसती बोलण्यापुरती गोष्ट नव्हे. त्या वाटेवर आता माणूस, जनावर, डबा काही नाही, अशी जबाबदारी आपण घेतलेली असते. सत्तावीस वर्षांत माझ्या हातून एकदाही चुकीचे तीन गेले नाहीत. हे मी बढाई म्हणून सांगत नाही, पुढं लागणार आहे म्हणून सांगतो.

पलीकडच्या केबिनमध्ये अकरा वर्षं महिपत नावाचा माणूस होता. संगमेश्वराकडचा, एवढं ऐकून माहीत. त्याचं तोंड मी कधी बघितलं नाही. दोन मैल म्हणजे काय अंतर, पण आज जाऊ, उद्या जाऊ, असं करत राहिलं. हात मात्र ओळखायचो. तीन ठोक्यांतला तिसरा तो किंचित उशिरा द्यायचा, जणू मधेच कोणी त्याला हाक मारली असावी. सत्तावीस सालच्या थंडीत एके सकाळी तिसरा ठोका वेळेवर आला आणि मला कळलं, महिपत गेला. संध्याकाळी बातमी आली, तापानं गेला.

२

गावी आलो आणि मथुराबरोबर राहू लागलो. मथुरा म्हणजे माझी बायको. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झालेली, पण वर्षातून शिमग्याचे नाहीतर गणपतीचे पंधरा दिवस मी घरी. सगळे दिवस जमेला धरले तरी दीड वर्षाच्या वर संसार झाला नव्हता. मूलबाळ झालं नाही. म्हातारपणी आम्ही एकमेकांची ओळख करून घेत होतो म्हणा ना. मी जेवताना बोलत नाही हे तिला तेव्हा कळलं, आणि ती झोपेत हसते हे मला.

तिनं आगगाडी कधी बघितली नव्हती. दर खेपेला विचारायची, "यंदा मना नेशाल काय?" मी म्हणायचो, पुढच्या वर्षी. खोली लहान, चार गाववाले एकत्र राहतात, बाईमाणसाला जागा कुठली, आणि काय काय. खरं सांगायचं तर मी ते मनावरच घेतलं नाही. नोकरी सुटून गावी आलो त्या दिवशी तिनं टोलाकडे बघितलं आणि म्हणाली, "चला, गाडीचा पाय तरी आला घरात." चेष्टेत म्हणाली. पण मला लागलं.

टोल मी वेळेला वाजवायचो. सकाळी सहा, दुपारी बारा, संध्याकाळी सहा. वाडीत घड्याळ माझ्या एकट्याकडे. हळूहळू लोकांना सवय झाली. बारा पडले की बाया भात वेळायला लागत. एक दिवस मी तापानं पडलो होतो, तर शेजारची सोनूबाई विचारायला आली, आज दुपार व्हायची नाय काय?

असे तीन उन्हाळे गेले. हे एकतीस सालच्या वैशाखातलं आहे.

३

आमच्या घरामागं सडा आहे. मैल-दीड मैल नुसता कातळ, झाड नाही की झुडूप नाही, कडेला करवंदीच्या जाळ्या. पूर्वेच्या टोकाला खाली उतरलं की मथुराच्या भावाची, धाकूची वाडी. पश्चिमेला सडा एकदम तुटतो आणि खाली समुद्र.

त्या दिवशी बाराचा टोल देऊन मी जेवलो आणि पडवीत टेकलो. बाहेर ऊन असं की खळ्याकडे बघवत नव्हतं. सड्यावरून एक ठोका आला. लोखंडावर लोखंडाचा, लांबून, पण स्वच्छ.

घड्याळ काढून बघितलं. बारा चाळीस.

मी विचार केला, सड्यावरच्या चिरेखाणीत कोणी पहार आपटली असेल. पण वैशाखात भर दुपारी गडी खाणीत नसतात, सावलीला निजलेले असतात. मग वाटलं, माझ्याच टोलाचा आवाज कुठंतरी आपटून परत आला. चाळीस मिनिटांनी? आणि बारांतला एकच? मी स्वतःलाच हसलो. तेवढ्यात माझ्या लक्षात आलं की मी उठून उभा आहे, हातोडी हातात आहे, आणि टोलावर एक ठोका देऊन झाला आहे. त्यात माझं काही नव्हतं. सत्तावीस वर्षं एकाला एक दिलेला हात तो.

मथुरा आतून धावत आली. हात खरकटे होते. "अवो, कुणाला ओ दिलात?"

"कुणाला नाही. असंच."

"सड्यावरनं काय वाजलं ना? मी बी ऐकलंय. पैल्या हाकेला ओ देत नाय हो. तीनदा हाक आली तर ते मानूस. त्याच्याआधी ओ द्यायची नाय. एवढं ठावं नाय तुमाला? कोकणातले ना तुमी?"

मी तिला म्हटलं, आमच्या खात्यात उलटं असतं, पहिल्या हाकेला ओ नाही दिली तर पगार कापतात. आत जाऊन तिनं चुलीत मीठ-मिरच्या टाकल्या. ठसका लागून मीच बाहेर गेलो.

४

दुसऱ्या दिवशी बारा चाळीसला परत एक. मी हात मागं बांधून बसलो. तिसऱ्या दिवशी एक. चौथ्या दिवशी ठरवून सकाळपासून सडा पालथा घातला. चिरेखाण बघितली, करवंदीच्या जाळ्या बघितल्या. लोखंड म्हणून एक तुटकी घमेल्याची कडी सापडली. सड्याची कड खळ्यातून दिसते, वाजवणारा तिथं डोकं काढेलच, म्हणून मी बारा पस्तीसला खळ्यात टोलाशी येऊन उभा राहिलो. डोकं ताळ्यावर होतं. मला भुताखेतांचं वेड कधीच नव्हतं, आणि मला वाटत होतं की वाडीतला कोणीतरी टवाळ गडी माझी मजा करतोय. त्याला पकडून चांगला धुवायचा एवढाच माझा बेत होता.

एक ठोका आला. मग, जरा थांबून, तीन.

तिसरा किंचित उशिरा.

मी घाबरलो, आणि लाज वाटते सांगायला, पण त्याच्याबरोबर बरंही वाटलं. किती वर्षांनी तो हात ऐकत होतो. हा हात कोणाला करून दाखवता येणार नाही. तो ठोका मी कधी कोणाला सांगितला नव्हता, मथुरालासुद्धा नाही. सांगण्यासारखं त्यात काय होतं?

मी तीन परत दिले.

देताना मी सड्याकडे बघितलंच नाही. पहिल्यांदा, सगळ्या आयुष्यात पहिल्यांदा, न बघता दिले.

दोन ठोके आले. सुटली.

मी घड्याळ बघितलं, सवयीनं. बारा बेचाळीस. म्हणजे बारा अठ्ठेचाळीस. मग विचार आला, मथुरा कुठं आहे? मथुरा सकाळी धाकूकडे आमसुलं घालायला गेली होती. जेवायच्या वेळेला परत येते म्हणाली होती. धाकूच्या वाडीवरून आमच्या घरी यायची वाट एकच, सड्यावरची. ती लाइनवर होती.

५

मी अनवाणी धावलो. कातळ तव्यासारखा तापलेला, तळवे भाजून निघाले. सड्यावर चढलो तेव्हा पायाखाली एक बारीक थरथर होती. गाडी जवळ आली की केबिनच्या जिन्याला येते ती. सुरुंग, मी म्हटलं, कुठंतरी सुरुंग लावताहेत. आमच्याकडे चिरे हातानं काढतात, सुरुंग लावत नाहीत, हेही मलाच माहीत होतं.

मग थरथर थांबली. अगदी एकाएकी थांबली. कसलाही आवाज नव्हता, पक्षीसुद्धा नाही. मी धावता धावता मोठ्यानं हाक मारली, आणि तिनं लगेच ओ दिली.

ती सड्याच्या मधोमध उभी होती. वाटेपासून चार पावलं बाजूला, पदर तोंडाला धरून. फलाटावर गाडी आली की बाया धूळ उडते म्हणून अशाच उभ्या राहतात. डोक्यावर आमसुलांचं टोपलं. मला बघून तिला आनंद झाला. इतकी खूश मी तिला कधी बघितली नव्हती.

"तुमी नाय दाखवलीत ती मी बघितली," ती म्हणाली.

"काय?"

"गाडी. हितं थांबली. मना म्हनाले, चला, जागा हाय. मी म्हटलं, घरात सांगून येतंय. आसं न सांगता कसं जायचं?"

मी तिचा दंड धरला आणि तिला जवळजवळ ओढत घरी आणली. ऊन लागलंय, मी म्हणत होतो, ऊन लागलंय तुला. खळ्यात येऊन तिच्या डोक्यावर पाणी ओतलं, कांदा फोडून नाकाशी धरला. ती हसत होती. सांगत होती, दाराशी पितळेचा दांडा आहे, धरून धरून गुळगुळीत झालेला. बाकाच्या फळ्यांत फटी आहेत, त्यात लुगडं अडकेल म्हणून बेतानं बसावं लागेल. खिडकीला आडवे गज. हे सगळं मी कधीतरी सांगितलं असेल, मी मनात म्हटलं. सत्तावीस वर्षांतल्या कुठल्या तरी गणपतीत सांगितलं असेल.

"मागच्या डब्यात एक मानूस व्हता," ती म्हणाली. "तुमचं नाव घेतलान. म्हनाला, आत्मारामाला सांगा, भेटायचं राहिलं."

मी हातातला कांदा खाली ठेवला. मग मी विचारलं, "दिसायला कसा होता?"

"तोंड नाय दिसलं. पाटीमागं ऊन व्हतं."

६

त्याच संध्याकाळी मी टोल उतरवला आणि गोठ्यामागच्या खताच्या खड्ड्यात पुरला. वाडीला सांगितलं, दोरी तुटली, टोल दुरुस्तीला दिलाय. रुळाच्या तुकड्याची दुरुस्ती काय असते, हे कोणी विचारलं नाही.

मला नियम ठाऊक होता आणि त्याच्यावर माझा भरवसा होता. मोकळीक दिल्याशिवाय गाडी सुटत नाही. पलीकडच्यानं कितीही मागितली तरी आपण दिली नाही की तो तिथंच. बस्. आपण गप्प राहायचं.

पलीकडून मागणं येतच होतं. रोज बारा चाळीसला, एक आणि तीन. थोड्या वेळानं पुन्हा एक आणि तीन. मी पडवीत बसून राहायचो, मांड्यांखाली हात दाबून. मथुरा स्वैपाकघराच्या दारात येऊन उभी राहायची. रागावलेली नसायची. दारात पाहुणा ताटकळत ठेवल्यावर बाईमाणसाला जसं अवघडल्यासारखं होतं, तशी दिसायची. तिनं एक गाठोडं बांधलं होतं. मी ते सोडलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा बांधलेलं.

"अवो, किती येळ बोलावतायत ते," एक दिवस ती म्हणाली. "ओ द्यावी मानसानं."

"ओ देऊ नये म्हणणारी तूच ना?"

"पैल्या हाकेला. आता किती झाल्या? भूत काय इतक्यांदा बोलावतं? ते मानूसच हाय."

तिच्या हिशेबानं ती बरोबर होती.

मग मला एक सुचलं. मी तिच्यासमोर बसलो आणि म्हणालो, "मथुरे, तुला खरी गाडी दाखवतो. आपण मुंबईला जाऊ. आगबोटी बंद व्हायला अजून बारा दिवस आहेत. माझं स्टेशन दाखवतो, फलाट दाखवतो. विजेच्या गाडीत बसवतो तुला, पाहिजे तेवढी फिर."

ती माझ्याकडे बघत राहिली. "पुढच्या वर्षी?"

"नाही गो. येत्या गुरुवारी."

तिचे डोळे भरले. तिनं गाठोडं आपण होऊन सोडलं, लुगडी परत वळणीच्या दोरीवर टाकली आणि म्हणाली, मग प्रवासाला घावन घालून घेतंय, नारळबी खवतंय. त्या दिवशी बारा चाळीसला तीन ठोके आले तेव्हा तिनं मानसुद्धा वर केली नाही. मी जिंकलो, असं मला वाटलं. संध्याकाळी बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवलो.

७

मंगळवारी तिकिटं काढायला बंदरावर गेलो. तिला बरोबर न्यायला हवी होती. रत्नागिरी आमच्याकडून दोन तासांची वाट, पण ऊन फार आणि तिचं दळण राहिलं होतं. "तुमी जाऊन या," ती म्हणाली, "मी काय कुटं जात नाय." पहाटे निघालो, अकराच्या आत परत यायचा हिशेब. जाण्यापूर्वी पहार, कोयता, कुऱ्हाड सगळं गोठ्यात कुलूप लावून ठेवलं. इतका काही मी गाफील नव्हतो.

बंदरावर कचेरी बंद. बाबू येतील, बसा. बाबू साडेदहाला आले. आले ते सांगू लागले की वारा फिरलाय, दक्षिणेला समुद्र आत्ताच खवळलाय, गुरुवारची बोट इथं लागणार नाही. आगबोटी या सालापुरत्या संपल्या. आता गणपतीच्या सुमारास.

"लिहून द्या तसं," मी म्हटलं. का म्हटलं कोणास ठाऊक.

बाबू हसले. "समुद्रानं लिहून दिलं तर देतो."

परतीच्या वाटेवर मी तिला काय सांगायचं ते जुळवत होतो. मोटारीनं जाऊ, घाट चढून कोल्हापूरला, तिथंही रेल्वे आहे. ते जास्त बरं. तिला घाटही बघायला मिळेल. मी मनाशी बोलतच चढणीला लागलो. आमची वाडी अजून वर, पाव मैल, आणि घड्याळात बारा चाळीस झाले.

एक. मग तीन, तिसरा उशिरा.

मी थांबलो.

आमच्या घरातून तीन ठोके परत गेले. कशावर दिले ते आवाजावरून कळलं: मोठ्या लोखंडी काहिलीवर, मुसळाच्या वसूनं, म्हणजे त्याच्या टोकाच्या लोखंडी कड्यानं. मुसळाची वसू माझ्या ध्यानातच आली नव्हती. अगदी नीट दिले तिनं, न घाबरता, न घाई करता. तीन वर्षं ऐकत होती ती मला, आणि त्या दिवशीचे माझे तीन तिनं सड्यावरून ऐकले असणार.

पलीकडून दोन.

सहा मिनिटं होती. एकावन्न वर्षांच्या माणसाला ती चढण सहा मिनिटांत चढवत नाही. मी चढलो. कसा ते आठवत नाही, मधे एकदा पडलो आणि घड्याळ फुटलं. घराशी थांबलो नाही, सरळ सड्यावर गेलो. पायाखालची थरथर सुरू झालेली होती. ती वाढली, मग मंदावली, मग थोडा वेळ थांबली. उतारू चढायला लागतो तेवढाच वेळ. मग पुन्हा सुरू झाली आणि दूर जाऊ लागली. तेव्हा मी सड्याच्या कडेवर डोकं वर काढलं.

उन्हानं सगळा कातळ पांढरा झाला होता. पश्चिमेला, सडा तुटतो त्या बाजूला, काहीतरी कातळाच्याच रंगाचं सरत चाललं होतं. त्याची पाठ मला दिसली. एक खिडकी दिसली. खिडकीचा गज एका हातानं मुठीत गच्च धरला होता. सवयीची माणसं गज असा धरत नाहीत. पहिल्यांदा बसलेली धरतात. मग नुसतं ऊन होतं, आणि त्याच्या पलीकडे समुद्र.

चुलीवर भात वेळून ठेवला होता. माझं ताट वाढून वर दुसरं पालथं घातलेलं. गाठोडं नव्हतं.

८

तीन दिवस शोधलं. धाकूनं माणसं लावली. विहिरी बघितल्या, कड्याखालचे खडक बघितले, होडी घालून खाडीपर्यंत जाऊन आले. काही मिळालं नाही. कड्यावरून गेली असणार, सगळे म्हणतात. ऊन लागलं होतं, मीच तसं सांगत होतो ना.

धाकू दहाव्या दिवशी आला. पायरीवर बसला. मग म्हणाला, "भावोजी, आता तिचे दिवस घालायला हवेत. आज ना उद्या घालायचेच. ती अशी मधेच लटकलेली बरी नव्हे."

"मधेच लटकलेली आहे हे तुला कोणी सांगितलं?" मी विचारलं. तो घाबरून माझ्याकडे बघत राहिला. त्याला वाटतं, माझं डोकं फिरलंय. मी दिवस घातले नाहीत.

कारण धाकू न कळता बोलला ते खरं आहे. कुठलीही गाडी माझ्याकडून पुढं जायची तर मी पुढच्या केबिनला विचारायचं असतं. मी इथं नव्हतो. मथुराला फक्त मागच्याला द्यायचे ठोके माहीत, पुढच्याला विचारायचं असतं हे तिला कोण सांगणार? कोणी विचारलं नाही, कोणी मोकळीक दिली नाही. म्हणजे गाडी पुढं कुठंतरी सिग्नलाशी उभी आहे. सड्यावरून आता ठोके येत नाहीत ते त्यामुळंच. महिपत काही वेडा नाही. पहिल्या दिवशी कोणी चढलं नाही म्हणून गाडी मागं गेली असणार; आता लाइन भरलेली असताना तो कशाला मागेल?

टोल मी खड्ड्यातून वर काढला. रोज दुपारी पश्चिमेकडे तोंड करून एक ठोका देतो. शंभर मोजतो, पुन्हा एक देतो. माणसं लांबून बघतात आणि निघून जातात. पुढचं केबिन कोणाचं, तिथं कोणी आहे का, हे मला माहीत नाही. सत्तावीस वर्षांत कधी असं झालं नाही की मी एक दिला आणि पलीकडून एक आला नाही. समुद्राकडून काहीच येत नाही.

मला गाडीचं भय वाटत नाही आता. महिपतचाही राग नाही. मला मथुराचं वाटतं. ती पहिल्यांदाच बसली आहे. गाडी उभी राहिली म्हणजे काहीतरी बिघडलंय, हे तिला कळायचं नाही. तिला वाटेल, गाड्या अशाच असतात. ती गाठोडं मांडीवर घेऊन, लुगडं फटीत अडकू नये म्हणून सावरून बसली असेल. उन्हाचे दिवस आहेत. आणि कोणी विचारल्याशिवाय ती पाणीसुद्धा मागायची नाही.